पक्षाला पाठिंबा किती? पहिल्यांदाच ऑनलाइन पोल घेणाऱ्यांसाठी

माझा पहिला पोल रात्री साडेअकराला मेला. तोपर्यंत बरा चालला होता, तासाला तीस-चाळीस उत्तरं येत होती आणि मी दर दहा मिनिटांनी शीट रिफ्रेश करून खूश होत होतो. मग पंधरा मिनिटांत दोनशेच्या वर ओळी धडाधड येऊन पडल्या, सगळ्या एकाच पक्षाच्या, वयाच्या रकान्यात सगळीकडे पहिलाच पर्याय टिक केलेला. कुणीतरी लिंक त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकली होती. अर्ध्या तासात दुसऱ्या पक्षाच्या ग्रुपला पण वास लागला, मग त्यांनीही हात धुवून घेतले. सकाळी माझ्याकडे नऊशे उत्तरं होती आणि त्यातून एवढंच कळत होतं की कुठल्या पक्षाचे ग्रुप ॲडमिन रात्री उशिरापर्यंत जागतात.

त्यानंतर बरेच पोल घेतले, काही जमले, काही पुन्हा तोंडावर आपटले. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर निदान मी केलेल्या चुका तुम्ही करू नका म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. टाइप करता करता लांबलंय, पण पायरी २, ३ आणि ६ तरी गाळू नका.

सुरू करायच्या आधी हे जवळ पाहिजे:

- फॉर्म बनवायचं साधन. गुगल फॉर्म चालतो, पण प्रत्येकाला वेगळी एकदाच चालणारी लिंक द्यायची असेल तर लाइमसर्व्हेसारखं काहीतरी बघा.
- ज्या भागाचा पोल आहे तिथल्या मतदारांची वय, स्त्री-पुरुष, शिक्षण, शहर-गाव अशी टक्केवारी. जनगणना किंवा निवडणूक यंत्रणेच्या आकड्यांतून काढा. अंदाजाने भरू नका.
- मागच्या निवडणुकीचा पक्षनिहाय निकाल, आणि मतदान किती टक्के झालं होतं तो आकडा.
- एक्सेल किंवा कुठलीही स्प्रेडशीट. आर ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा येत असेल तर त्यातलं सर्व्हे नावाचं पॅकेज फुकट आहे आणि पुढची बरीच डोकेफोड वाचवतं.
- संमतीचा मजकूर, चार ओळींचा. कोण विचारतंय, कशासाठी, उत्तरं कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार.

१. नक्की कुणाचं मत मोजायचंय ते आधी लिहून काढा

"लोकांचं मत" असं काही नसतं. सगळे प्रौढ, सगळे नोंदणीकृत मतदार, आणि प्रत्यक्षात मत द्यायला जाणारे असे तीन वेगळे गट आहेत आणि तिघांचे आकडे वेगळे येतात. पोल सुरू करायच्या आधी एका वाक्यात लिहा: अमुक भागातले, नाव नोंदवलेले, १८ च्या वरचे. हे वाक्य नसेल तर पुढे वेट (म्हणजे कुठल्या गटाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते) कशाला जुळवायचं हेच कळत नाही. मी एकदा हे न करता बसलो होतो आणि शेवटी कळलं की दर दहातला एक जण त्या भागात मतदारच नव्हता, नुसता तिथे राहत होता.

२. माणसं कुठून आणणार (सगळा खेळ इथेच आहे)

नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती उत्तरं पाहिजेत?" खरा प्रश्न असा आहे की उत्तर द्यायला कोण आलं आणि कोण आलंच नाही.

१९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. साप्ताहिकाची यादी टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीतून आली होती, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी होती ते लोक, आणि त्यातही ज्यांना रूझवेल्ट नको होते त्यांनी जास्त उत्साहाने पत्रिका परत पाठवल्या. जॉर्ज गॅलप या पोल घेणाऱ्याने त्यामानाने चिमूटभर सॅम्पलवर विजेता बरोबर सांगितला.

हे जुनं झालं म्हणाल तर २०१८ मधलं घ्या. शाओ-ली मेंग या संख्याशास्त्रज्ञाने २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या डेटावर गणित करून दाखवलं की उत्तर देणं आणि एखाद्या उमेदवाराला पाठिंबा असणं यांच्यात अगदी किंचित, जेमतेम ०.००५ इतका संबंध असला तरी २३ लाख लोकांच्या सॅम्पलची किंमत खऱ्या रँडम (चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या) ४०० जणांच्या सॅम्पलएवढीच राहते. २३ लाखांचे ४००! त्यामुळे "आमच्या पोलला पन्नास हजार मतं पडली" असं कुणी सांगितलं की मी आता फक्त मान डोलावतो.

तर पर्याय असे आहेत. एक, उघडी लिंक सगळीकडे टाकायची: फुकट आहे आणि पक्षांच्या पाठिंब्यासाठी निरुपयोगी आहे, करमणूक म्हणून करा हवं तर. दोन, जाहिरात देऊन वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या भागातल्या लोकांपर्यंत जायचं आणि प्रत्येक गटाचा कोटा ठेवायचा. यात निदान विषय काय आहे ते जाहिरातीत लिहू नका, "राजकीय सर्व्हे" लिहिलं की राजकारणात रस असलेलेच क्लिक करतात आणि ज्यांना रस नाही तेही मत देतातच ना, ते सुटतात. तीन, पॅनल कंपनीकडून (सर्व्हे भरायला तयार असलेल्या लोकांची यादी बाळगणारी कंपनी) सॅम्पल विकत घ्यायचं. चार, मतदारयादी किंवा पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढून त्यांना पत्राने किंवा मेसेजने लिंक पाठवायची, हे सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात कटकटीचं. नेदरलँड्समधल्या लिस पॅनलमध्ये तर ज्या घरात इंटरनेट नाही त्यांना कॉम्प्युटर आणि कनेक्शन देतात, कारण ती घरं वगळली की चित्रच बदलतं.

आपल्यासारख्यांच्या आवाक्यात बहुतेक वेळा दोन किंवा तीन नंबर असतो. ठीक आहे, पण मग पुढे वेटिंगला पर्याय नाही हे धरून चाला.

३. प्रश्नावली लहान आणि निर्मळ ठेवा

पक्षाचा प्रश्न पहिला. आधी महागाईबद्दल विचारून मग पक्ष विचारलात तर तुम्ही सरकारवर राग काढायला लावून मत मागताय, आधी सुरक्षेबद्दल विचारलंत तर उलटं. माझा साचा साधारण असा असतो:

"उद्या निवडणूक झाली तर तुम्ही कोणत्या पक्षाला मत द्याल?"

पक्षांची नावं प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दिसली पाहिजेत, फॉर्ममध्ये पर्याय शफल करायची सोय असते. पण सरसकट शफल चालू केलंत तर "इतर" मधेच कुठेतरी जाऊन बसतं आणि "ठरलेलं नाही" सगळ्यात वर येतं, तेव्हा हे खाली घट्ट बांधून ठेवता येतात का ते बघा. शेवटी चार पर्याय वेगवेगळे हवेत: इतर पक्ष, अजून ठरलेलं नाही, मत देणार नाही, सांगायचं नाही. लोक शेवटचे तीन एकत्र करून "माहीत नाही" असं एकच ठेवतात आणि मग रडतात, कारण ठरलेलं नसणारा माणूस उद्या मत देणार आहे, मत न देणारा देणारच नाही, आणि न सांगणाऱ्याचं बहुतेक वेळा पक्कं ठरलेलं असतं.

"ठरलेलं नाही" म्हणणाऱ्यांना पुढचा एक प्रश्न दाखवा: "आत्ता तरी कल कुणाकडे आहे?" निम्मे तरी इथे तोंड उघडतात असा माझा अनुभव.

मग मतदानाला जाण्याची शक्यता ० ते १० मध्ये. मग मागच्या वेळी कुणाला मत दिलं, त्यात "दिलं नव्हतं" आणि "तेव्हा वय बसत नव्हतं" हे पर्याय विसरू नका. मग वय, लिंग, शिक्षण, भाग. आणि एक मोकळा प्रश्न, "हा पक्ष का?", एका ओळीचं उत्तर. तो का ठेवायचा ते पाचव्या पायरीत कळेल.

भाषा सपाट ठेवा. "भ्रष्ट कारभारानंतरही तुम्ही..." असलं काही लिहायचं नाही हे सगळ्यांना कळतं, पण बारीक गोष्टी निसटतात, जसं की एका पक्षाच्या नावापुढे नेत्याचं नाव आणि बाकीच्यांपुढे नाही, किंवा एकाचं चिन्ह मोठं दिसतं. स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा, लॅपटॉपवर नाही. माझ्या एका फॉर्ममध्ये मोबाइलवर पाच पक्षांपैकी चारच दिसत होते, पाचव्यासाठी खाली सरकवावं लागत होतं, आणि अर्थातच पाचव्याची मतं गडगडली.

४. लिंकला कुलूप लावा

एक माणूस एक लिंक, वापरली की बंद. हे जमत नसेल तर निदान वेळेचा शिक्का, ब्राउझर कुठला आणि लिंक कुठून आली एवढं तरी नोंदवा. प्रत्येक जाहिरातीला वेगळी लिंक द्या म्हणजे एक बिघडली तर तेवढीच कापता येते.

इथला नेहमीचा सापळा आयपी पत्त्याचा (इंटरनेटवर कनेक्शन ओळखायच्या नंबराचा) आहे. "एका आयपीवरून एकच उत्तर" असा नियम लावला की मोबाइल नेटवर्कवरचे खरे खुरे लोक बाहेर पडतात, कारण एकाच आयपीमागे शेकडो फोन असू शकतात, एका घरातले चौघे किंवा एका ऑफिसातले वीस जण तर सोडाच. आणि ज्याला खोड्या करायच्यात तो व्हीपीएन लावून दर वेळी नवा आयपी आणतो. आयपी संशयासाठी वापरा, शिक्षेसाठी नको.

आणि पोल चालू असताना निकाल दाखवू नका. आकडे दिसले की मागे पडलेल्या पक्षाचे लोक ग्रुप जागे करतात.

५. कचरा काढा

पैसे किंवा बक्षीस मिळत असेल तर काही लोक न वाचता टिकमार्क करत सुटतात. हे किती होतं याचा एक मासला सांगतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२२ मध्ये कुणीही भरू शकेल अशा ऑनलाइन सॅम्पलमध्ये विचारलं होतं की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का. ३० वर्षांखालच्या अमेरिकन प्रौढांपैकी १२ टक्के हो म्हणाले. तरुण मतदारांबद्दल काही सनसनाटी आकडा आला की मला ही पाणबुडी आठवते.

मी बघतो त्या गोष्टी: मधल्या वेळेच्या (निम्म्यांना त्याहून कमी लागली, निम्म्यांना जास्त, ती वेळ) एक तृतीयांशाहून कमी वेळात संपवलेले (मधली वेळ ४ मिनिटं असेल तर ८० सेकंदांच्या आतले), सगळीकडे पहिलाच पर्याय, वय २१ आणि "मागच्या तीन निवडणुकांत मत दिलं", आणि तो मोकळा प्रश्न. "हा पक्ष का?" ला खरा माणूस "बाबा म्हणतात म्हणून", "रस्ता केला", "बाकीचे त्याहून वाईट" असं काहीतरी वेडंवाकडं लिहितो. चाळीस जणांनी शुद्ध व्याकरणात "पक्षाची धोरणे प्रगतिशील आहेत" लिहिलंय असं दिसलं की समजायचं.

काढायचे नियम मात्र डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलेत तर नकळत नावडत्या पक्षाचेच लोक जास्त "संशयास्पद" वाटायला लागतात, हे मी स्वतःला करताना पकडलंय.

६. वेटिंग

नाव ऐकून घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे. समजा ६०० उत्तरं आली, त्यात ४२० पुरुष आणि १८० स्त्रिया, आणि खऱ्या मतदारांत दोन्ही निम्मे-निम्मे आहेत. पुरुष ७० टक्के आले, पाहिजे होते ५०, म्हणून प्रत्येक पुरुषाचं वेट ५० भागिले ७०, म्हणजे ०.७१. स्त्रियांचं ५० भागिले ३०, १.६७. आता समजा अ पक्षाला पुरुषांत ४८ टक्के आणि स्त्रियांत ३६ टक्के पाठिंबा आहे. वेट न लावता अ पक्ष ४४.४ वर दिसतो, वेट लावल्यावर ४२ वर येतो. नुसत्या एका रकान्याने जवळजवळ अडीच टक्के गेले.

वय, शिक्षण, भाग हे सगळं एकत्र जुळवायचं असेल तर आळीपाळीने करायचं: लिंग जुळवा, मग वय जुळवा (लिंग थोडं बिघडेल), मग शिक्षण, मग परत लिंग, असे दहा-पंधरा फेरे मारले की बहुतेक वेळा सगळं जागेवर बसतं. याला रेकिंग म्हणतात, आर मध्ये एका ओळीत होतं.

शिक्षण गाळू नका. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत बऱ्याच राज्यांच्या पोलनी शिक्षणाचं वेट लावलं नव्हतं, कॉलेज शिकलेले लोक सर्व्हे जास्त भरतात आणि त्या वर्षी त्यांचं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं, त्यामुळे ट्रंप कमी दिसले. मागच्या मताचं वेटही उपयोगी पडतं, पण जपून, कारण निकालानंतर काही लोकांना आपण जिंकलेल्या पक्षालाच मत दिल्याचं आठवायला लागतं.

दुसरा सापळा म्हणजे एकाच माणसावर डोंगर ठेवणं. त्याच २०१६ मध्ये एका अमेरिकन पॅनल पोलमध्ये इलिनॉयमधल्या १९ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाचं वेट सरासरी माणसाच्या ३० पट झालं होतं, आणि तो एकटा आत-बाहेर झाला की देशाचा आकडा हलायचा. म्हणून वेटला छत घाला, मी ४ च्या वर जाऊ देत नाही. एखाद्या गटात पंधराच माणसं असतील तर शेजारच्या गटात मिसळा.

वेटची किंमत पण मोजा: सगळ्या वेटच्या बेरजेचा वर्ग, भागिले प्रत्येक वेटच्या वर्गाची बेरीज. वरच्या उदाहरणात ६०० चे ५०४ होतात. तुमचं खरं सॅम्पल तेवढंच.

वेटने काय होऊ शकतं याचं सगळ्यात भारी उदाहरण एक्सबॉक्सचं आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी गेमिंग कन्सोलवर पोल घेतला, साडेतीन लाखांच्या आसपास लोक, ९३ टक्के पुरुष, ६५ टक्के तिशीच्या आतले. इतकं वाकडं सॅम्पल, तरी बारीक बारीक गट पाडून, मॉडेल लावून त्यांनी नामांकित पोलच्या तोडीचा अंदाज काढला. मात्र त्यांच्याकडे लाखो माणसं होती, म्हणून सात टक्के स्त्रियासुद्धा हजारोंनी होत्या. तुमच्या ६०० मध्ये पासष्टीच्या पुढच्या ३ बायका असतील तर कुठलंही मॉडेल त्यांच्यातून चौथी काढून देणार नाही.

७. कुंपणावरच्यांचं काय करायचं

समजा असं आलं: अ ३४, ब ३०, क ११, इतर ५, ठरलेलं नाही १४, मत देणार नाही ६. शेवटचे २० काढून बाकीचे १०० वर आणले की अ ४२.५, ब ३७.५. एकही माणूस न हलता आघाडी ४ ची ५ झाली! दोन्ही आकडे छापा. न ठरलेल्यांना सगळ्या पक्षांत प्रमाणात वाटणं ही पण एक धारणाच आहे, केलंत तर सांगा. आणि कमी शक्यता सांगणाऱ्यांना कुठे कापता (मी ५ च्या खालचे वगळतो) तेही लिहा, कारण त्यानेही आकडा सरकतो.

८. चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर)

रँडम सॅम्पलमध्ये १००० माणसांना अधिक-उणे ३ टक्के, ४०० ला ५ टक्के. पटकन टक्क्यांत काढायचं तर ९८ भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. पण हे एका पक्षाच्या आकड्यासाठी झालं. दोन पक्षांतल्या फरकासाठी ते जवळपास दुप्पट होतं: वरच्या ५ टक्क्यांच्या आघाडीवर १००० माणसांत साधारण साडेपाच टक्के, आणि आपल्या त्या ५०४ मध्ये पावणेआठ-आठ टक्के. म्हणजे "अ आघाडीवर" असं मथळ्यात लिहायला हात धजावला नाही पाहिजे.

शिवाय हे सूत्र रँडम सॅम्पलचं आहे. जाहिरातीतून किंवा ऐच्छिक पॅनलमधून आलेल्यांना ते जसंच्या तसं चिकटवलं की खोटा विश्वास तयार होतो. ब्रिटनमध्ये २०१५ ला फोनवरचे आणि ऑनलाइन दोन्ही पोल एकाच दिशेला चुकले, चौकशी झाली आणि मुख्य कारण निघालं की सॅम्पलच प्रातिनिधिक नव्हतं, लेबर पक्षाचे मतदार जास्त आले होते. असली चूक मार्जिनमध्ये दिसतच नाही.

टक्क्यांवरून जागा काढायच्या फंदात पहिल्या पोलला तर पडूच नका. जिथे मतदारसंघात सर्वाधिक मतं घेणारा जिंकतो तिथे पक्षाची मतं कुठे साठलीत यावर जागा ठरतात, आणि ते तुमच्या सॅम्पलला माहीत नसतं.

९. छापायच्या आधी

कायदा बघा, देशोदेशी वेगळा आहे. फ्रान्समध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पोल प्रसिद्ध करता येत नाही, इटलीत शेवटचे १५ दिवस बंदी, भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ खाली ठरवून दिलेल्या काळात एक्झिट पोल घेणं आणि दाखवणं दोन्ही गुन्हा आहे. "मी तर साधा माणूस, नुसतं शेअर केलं" हे चालत नाही. माहितीचं पण तसंच, युरोपच्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्यात राजकीय मत खास संवेदनशील माहितीत मोडतं. नाव-नंबर आणि उत्तरं वेगळ्या फाइलीत ठेवा, आणि बक्षीस वाटून झालं की नंबरांची फाइल उडवा.

आकड्यांबरोबर हे द्या: तारखा, किती माणसं, कुठून आणली, प्रश्न जसाच्या तसा, वेट कशावर, किती उत्तरं काढली आणि का, पैसे कुणी दिले. एवढं लिहायची लाज वाटत असेल तर पोल अजून तयार नाहीये.

आणि मूळ फाइल हात न लावता जपून ठेवा. निकाल लागला की शेजारी रकाना करून प्रत्येक पक्षाचा खरा आकडा वजा तुमचा आकडा लिहा. माझ्या शीटमध्ये असे चार रकाने झालेत आणि एक पक्ष चारही वेळा दोन-तीन टक्क्यांनी कमीच आलाय. बराच शोध घेतल्यावर लक्षात आलं की त्याचे मतदार वयस्कर, आणि माझी जाहिरात रात्री नऊनंतर सुरू व्हायची. पाचव्या वेळी सकाळी सहाला लावणार आहे.